मोरी बघूक इतक्या लांब?

मालदीवची तिकिटं काढली आणि आईला फोन केला. शार्कबरोबर डायव्हिंग करायला चालले आहे म्हटल्यावर पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाली, "मोरी बघूक इतक्या लांब? हयसर मालवणच्या बाजारात सकाळी गेल्यार व्हयी तितकी गावता. ती पण साफ करून."

तिचं काही चुकलं नव्हतं. आमच्याकडे शार्क म्हणजे मोरी, आणि मोरी म्हणजे कालवण. मुंबईकडे तिलाच मुशी म्हणतात. खरखरीत कातडं, आत काटा नाही, नुसती कूर्चा, त्यामुळे लहान मुलांना बिनधास्त भरवता येते. वास मात्र उग्र. शार्कच्या अंगात युरिया असतो आणि मासा शिळा व्हायला लागला की त्याचा अमोनिया होतो. म्हणून मोरी घ्यायची तर ताजीच, आधी गरम पाण्यातून काढून कातडं खरवडायचं, आणि वाटपात आलं-लसूण हात सैल सोडून घालायचं. बाळंतिणीला दूध येतं म्हणून मोरी घालतात. माझ्या दोन्ही बाळंतपणांत आईनं मला सव्वा महिना आठवड्यातून दोनदा ती खायला घातली. दूध त्यानंच आलं का, ते मला सांगता येणार नाही. मी दातांची डॉक्टर आहे, कुडाळला दवाखाना आहे, त्यामुळे आई अशा बाबतीत माझं मत विचारतही नाही.

डायव्हिंग मी शिकले एकोणचाळिसाव्या वर्षी, तारकर्लीला. तोवर समुद्र म्हणजे किनाऱ्यावरून बघायची गोष्ट. त्यानंतर मालवणच्या पाण्यात चाळीसेक डाइव्ह झाल्या. किल्ल्याच्या मागे, आतल्या खडकांवर. आमचं पाणी गढूळच, पाच मीटर दिसलं तर तो सणाचा दिवस. तरी खूप काही बघितलं. मोरी मात्र एकदाही नाही. दर बुधवारी बाजारात बघते तो मासा त्याच गावच्या समुद्रात पाण्याखाली चाळीस वेळा जाऊन एकदाही दिसू नये, हे डोक्यात कुठेतरी अडकून राहिलं होतं. गढूळपणा हे अर्धं कारण. उरलेल्या अर्ध्यासाठी मी फुवाहमुलाला गेले, असं आता म्हणता येईल. जाताना तसं काही नव्हतं, टायगर शार्कचे व्हिडिओ बघून गेले होते.

फुवाहमुला हे मालदीवच्या पार दक्षिणेला, विषुववृत्ताच्या जरासं खाली असलेलं एकटं बेट. मालदीवची बाकीची बहुतेक बेटं माळेसारखी, मध्ये उथळ निळं सरोवर. इथे तसलं काही नाही. एकच बेट म्हणजे एकच अटॉल (प्रवाळबेटांचं कडं), आणि किनाऱ्यापासून थोडं पुढे गेलं की समुद्राचा तळ कड्यासारखा तुटून खाली जातो. त्यामुळे खोल समुद्रातले मोठे जीव अगदी दारात येतात. माडांच्या मधून स्कूटर चालवत बेट अर्ध्या तासात पालथं घालता येतं. जेवणात सकाळ-दुपार-संध्याकाळ ट्यूना. सकाळी ओल्या खोबऱ्यात कालवलेला ट्यूना आणि चपातीसारखी रोशी, हे मालवणी पोटाला लगेच पटलं.

डायव्हिंगची जागा बंदराच्या तोंडाशीच आहे. बोटीत बसून बूट काढेपर्यंत पोचतो आपण. खोली आठ-दहा मीटर, म्हणजे आमच्या तारकर्लीएवढीच. फरक पाण्याचा. तीस मीटर लांबचं दिसतं, आणि ते नेहमीच सुखाचं असतं असं नाही.

बोटीवर गाईडनं नियम सांगितले. तिथलाच मुलगा, पंचविशीतला. हात अंगाशी. हातमोजे काळे, कारण पाण्यात हलणारा गोरा तळवा माशासारखा दिसतो. तळाच्या दगडगोट्यांवर एका रांगेत, पाठीमागे प्रवाळाची भिंत. शार्क तुमच्याकडे आली तर पाठ फिरवायची नाही, तिच्याकडे तोंड करून तिच्या डोळ्यात बघायचं. "ती दबा धरून येणारी आहे," तो म्हणाला. "तुम्ही बघताय हे तिला कळलं की तिची मजा जाते." माझ्या शेजारी एक जर्मन आजोबा होते, सत्तरीचे, पाचशेवर डाइव्ह झालेले. ते शांतपणे केळं खात होते. मी सातेरी, रवळनाथ, वेतोबा, जे जे आठवलं त्यांना नारळ कबूल केले.

खाली गेल्यावर पहिलं आठवतं ते माझं स्वतःचंच. मास्कमध्ये पाणी शिरत होतं, कारण हुडची कड मास्कखाली अडकली होती. मी मान वर करून नाकानं हवा सोडून मास्क रिकामा केला, डोळे उघडले, तर समोर ती होती. चार मीटर तरी असेल. मी जीप समोरून येताना बघते तसं बघितलं. अंग राखाडी, कडेला पट्टे पुसट. वय वाढतं तसे पट्टे फिके होतात. पोट इतकं गोल की दोन्ही बाजूंनी बाहेर आलेलं. हालचाल अगदी संथ, शेपटीचा एक फटकारा आणि मग नुसतं तरंगत येणं. मागे आणखी एक. मग डावीकडून तिसरी. एका क्षणी मी सात मोजल्या आणि मोजणं सोडलं, कारण मोजायला मान वळवावी लागत होती.

गाईडनं दगडाखाली ट्यूनाचं डोकं दडवून ठेवलं होतं. एक मादी तिथे आली, नाकाड दगडावर टेकवून दगड सहज बाजूला सारला, आणि जबडा पुढे आला. शार्कचा वरचा जबडा कवटीला पक्का जोडलेला नसतो, चावताना तो अख्खा बाहेर सरकतो. हे मी वाचलं होतं. दोन मीटरवरून बघणं वेगळं. चावताना डोळ्यावर खालून पांढरा पडदा चढला. आणि आवाज आला. पाण्यात आवाज कुठून आला ते कळत नाही, तो सगळीकडूनच येतो. खलबत्त्यात सुकं खोबरं कुटल्यासारखा कर्रकन आवाज, आणि डोकं संपलं.

मी दात बघत होते. वीस वर्षांची सवय, जाणार कुठे. टायगर शार्कचा दात कोंबड्याच्या तुऱ्यासारखा एका बाजूला झुकलेला, मागे खोल खाच, कडेला करवतीसारखे दाते. कासवाची पाठ कापायला बनवलेलं हत्यार आहे ते. वरचे आणि खालचे दात जवळपास सारखेच. मागे रांगांवर रांगा तयार, पुढचा पडला की मागचा पुढे सरकतो. त्यात त्यांच्या दातांवरचं आवरण मूळचंच फ्लोराइडयुक्त असतं. आम्ही जे पेस्टमधून आणि उपदेशांतून लोकांच्या गळी उतरवतो ते यांना जन्मजात. कीड नाही, रूट कॅनाल नाही. माझा धंदा बसला असता.

माझ्या टाकीतली हवा अठ्ठावीस मिनिटांत दोनशे बारवरून सत्तरवर आली. आजोबांची अजून एकशे तीस होती. वर आल्यावर त्यांनी मला उरलेलं केळं दिलं.

पाच दिवसांत त्या जागी चार डाइव्ह केल्या. पहाटेच्या एका डाइव्हला थ्रेशर शार्क बघायला तीस मीटरवर गेलो आणि निळ्या शून्याकडे बघून परत आलो. हातोडी डोक्याच्या शार्क एकदा खूप खालून सावल्यांसारख्या गेल्या. त्याबद्दल एवढंच.

तिसऱ्या दिवशी गाईडला पोटाबद्दल विचारलं. तो म्हणाला, बहुतेक माद्या आहेत आणि बऱ्याच गाभण आहेत. मी परत पाण्यात गेले ती वेगळ्याच नजरेनं. इथे येणाऱ्या टायगर शार्क एकेक करून ओळखतात. पट्टे, परांवरच्या खाचा, जुने व्रण यांच्या फोटोंवरून सात वर्षांत 239 वेगवेगळ्या शार्क नोंदल्या गेल्या आहेत. एवढ्याशा बंदराच्या तोंडाशी. आणि त्यांत प्रौढ माद्याच जास्त.

इथे जरा हिशोब मांडते, कारण सगळं त्याच्यावर अडलेलं आहे. बांगड्याची मादी हजारोंनी अंडी सोडते आणि मोकळी होते. टायगर शार्कची मादी पिल्लं पोटात वाढवते, पंधरा-सोळा महिने. पिल्लं दहापासून ऐंशीपर्यंत होऊ शकतात, पण दरवर्षी नाही, आणि वयात यायलाच बरीच वर्षं लागतात. प्रवाळावरची ग्रे रीफ शार्क तर एका खेपेला एक ते सहा पिल्लं देते. म्हणजे बांगड्याचं एक वर्ष वाईट गेलं तर दोन वर्षांत भरून निघू शकतं. शार्कची एक प्रौढ मादी गेली तर पुढची दहा-पंधरा वर्षं गेली. ही बँकेतल्या व्याजावर जगणारी मंडळी आहेत, मुद्दल काढलं की खातं बंद.

मालदीवनं हे फार लवकर ओळखलं, आणि शहाणपणापेक्षा पैशामुळे ओळखलं, असं मला वाटतं. 1992 मध्ये तिथे एक पाहणी झाली होती. 'फिश हेड' नावाच्या डायव्हिंगच्या जागी एका ग्रे रीफ शार्कमुळे पर्यटनातून वर्षाला साधारण 33,500 डॉलर येतात, आणि तीच शार्क मच्छीमारानं मारली तर त्याला एकदाच 32 डॉलर मिळतात, असा हिशोब निघाला. 1998 मध्ये पर्यटनाच्या सात अटॉलांत शार्क मारायला दहा वर्षं बंदी आली. 2009 मध्ये प्रवाळाजवळच्या शार्कना संरक्षण मिळालं आणि 1 जुलै 2010 पासून देशभर शार्कची मासेमारी बंद. परत आल्यावर मी हे सगळं घरी अभिमानानं सांगत होते, तर नवरा म्हणाला, "मग आपण पण बंदी घालूया, झालं." तो वकील आहे. त्याला सगळं कायद्यानं होतं असं वाटतं.

मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण मला बंदरावर मिळालं.

विमानात बसायच्या आधी चोवीस तास डाइव्ह करायची नाही, त्यामुळे शेवटचा दिवस मोकळा होता. मी बंदरावर जाऊन बसले. संध्याकाळी धोणी, म्हणजे तिथल्या मासेमारीच्या होड्या, आल्या. मासे उतरवले, आणि मी बघतच राहिले. सगळे ट्यूना सारखे. दुसरं काही नाही. आमच्याकडे ट्रॉलरचा माल उतरतो तेव्हा कोळंबीबरोबर खेकडे, तारामासे, बोटभर माकुल, नाव नसलेला कचरा, साप, आणि त्यात हातभर लांबीच्या मोऱ्या, असा सगळा समुद्र खरवडून येतो. इथे फक्त ट्यूना. कारण ते काठीनं धरतात. आधी जिवंत छोटे मासे पाण्यात सोडायचे, पाण्याचे फवारे मारायचे, ट्यूना खवळून वर आले की काठी, दोर आणि बिनकाट्याचा गळ. एक माणूस, एक काठी, एका वेळी एक मासा. शतकानुशतकं हेच चाललंय. ट्यूनासाठी जाळं टाकायला तिथे मनाई आहे. काठीनं धरायचं तर शार्क जवळपास अडकतच नाही. अडकवायचीच म्हणून अडकवावी लागते.

बंदराच्या कठड्यावर मासे कापून डोकी-आतडी पाण्यात टाकतात, आणि त्याच वासानं टायगर शार्क मुळात इथे यायला लागल्या. डायव्हिंगवाले नंतर आले. एक म्हातारे मच्छीमार शेजारी बसले होते. गाईडच्या मध्यस्थीनं बोललो. त्यांच्या वडिलांच्या वेळी शार्कच्या काळजाचं, म्हणजे यकृताचं, तेल धोणीच्या लाकडाला लावत. आता शार्क वाढल्या, खडकावरचे मासे गळाला लागले की वर येईपर्यंत अर्धे खातात, आम्हाला डोकं तेवढं मिळतं, असं ते चिडून सांगत होते. माझ्यासारखीचे डॉलर त्यांच्या घरात येत नाहीत, ते बोटवाल्याच्या आणि गेस्ट हाउसवाल्याच्या घरात जातात. हीच तक्रार देशभर होती, म्हणून 2021 मध्ये शार्कची मासेमारी परत सुरू करायचा विषय निघाला, आरडाओरडा झाला आणि मागे पडला. 2025 मध्ये मात्र खोल पाण्यातल्या गल्पर शार्कची बंदी उठवायची घोषणा झालीच. त्यांच्या काळजाच्या तेलाला प्रसाधनांच्या धंद्यात भाव आहे. मालदीवनं 1980 नंतर हीच शार्क धरून धरून संपवत आणली होती, हे विसरायला पंधरा वर्षं पुरली.

तर मुद्दा मासे कशानं धरता याचा आहे. बहामाजनं 1993 मध्येच लाँगलाइन, म्हणजे मैलोगणती दोराला हजारो गळ लावून करायची मासेमारी बंद केली. शार्कच्या व्यापारावरची बंदी तिथे 2011 ला आली, पण शार्क तोवर टिकून राहिल्या होत्या त्या गळ नसल्यामुळे. 2020 मध्ये जगातल्या 58 देशांतल्या 371 प्रवाळ खडकांवर आमिषाचे कॅमेरे लावून केलेल्या मोजणीचे निष्कर्ष आले. जवळपास पाचव्या हिश्श्याच्या खडकांवर एकही शार्क दिसली नाही. जिथे होत्या तिथे कारणं साधीच निघाली: बाजारपेठ लांब, माणसं कमी, लाँगलाइन आणि गिलनेटवर (पाण्यात भिंतीसारखं उभं सोडायचं जाळं) बंधनं, पकडीवर मर्यादा, आणि कारभार धड. शार्क वाचवायला शार्कबद्दल प्रेम असावंच लागतं असं नाही, हे वाचून मला फार बरं वाटलं. आमच्या आईला शार्कबद्दल काडीचं प्रेम नाही.

आमिषाबद्दलही बोलायला हवं. दगडाखाली ट्यूनाची डोकी लपवून चार मीटरच्या जनावराला माझ्यासमोर बोलावणं मला पूर्ण पटलेलं नाही. पैसे देऊन तेच बघायला गेले, हेही खरं. या माद्या आधीपासून बंदराच्या कचऱ्यावर येत होत्या म्हणून मी मनाची समजूत घातली. पण एका डाइव्हला दुसऱ्या बोटीचे लोक खाली आले आणि दोन गटांच्या मध्ये शार्कची ये-जा वाढली, तेव्हा गाईड पहिल्यांदा घाईनं हलला. त्या बेटावर शार्कपेक्षा आता बोटींची संख्या मोजायला हवी असं मला वाटतं.

आमच्याकडे अगदीच काही नाही असं नाही. व्हेल शार्क 2001 पासून वन्यजीव कायद्याखाली आहे. नुसते पर कापून धड समुद्रात टाकायला 2013 पासून मनाई आहे, आणि परांची निर्यात 2015 मध्ये बंद झाली. महाराष्ट्रात संरक्षित मासा जाळ्यात अडकला आणि मच्छीमारानं जाळं कापून सोडला तर 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. ही मला सगळ्यांत अक्कलहुशारीची योजना वाटते, कारण ती जाळ्याची किंमत ओळखते. माशांचा अख्खा थवा वेढणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर बंधनं आहेत, पावसात जून-जुलै बंदी आहे, आणि हे पाळलं जावं म्हणून आमचे रापणीवाले (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे) आणि छोट्या होडीवाले वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरतात. शार्कसाठी नाही, पोटासाठी. पण त्यांनी मागितलं ते सगळं मिळालं असतं तर मालवणच्या समुद्रात मला मोरी दिसली असती, अशी माझी खात्री आहे. गढूळ पाण्यातसुद्धा.

आणि सगळी मोरी सारखी नव्हे, हे आता मला कळतं. बाजारात जास्त येते ती चपट्या नाकाची छोटी मुशी एक-दोन वर्षांत वयात येते आणि दरवर्षी डझनभर पिल्लं देते. ती थोडीफार मासेमारी झेलू शकते. पण त्याच वाट्यात तेवढ्याच लांबीची, मोठ्या जातीची पिल्लंही असतात. कालवणात दोन्ही सारखीच.

परत आल्यावरच्या बुधवारी बाजारात गेले. नेहमीच्या मावशीकडे मोरीचे दोन वाटे होते. एक उचलून उलटी केली. नाक जरा टोकदार, परांच्या टोकाला काळी झाक. छातीच्या दोन परांच्या मधोमध एक छोटी, न भरलेली चीर होती. नाळेची खूण. माणसाच्या बाळाची नाळ पडायला आठवडा-दीड आठवडा लागतो, हिची जखम अजून ओली होती. म्हणजे जन्मून काही दिवस.

मी बराच वेळ तशीच धरून उभी असणार, कारण मावशी म्हणाली, "गो डॉक्टरीण, दात काय बघतंस तिचे? घेतंस तर घे, नायतर खाली ठेव, मागे गिऱ्हाईक हा."

मी खाली ठेवली. बांगडे घेतले. मागच्या बाईनं वाटा उचलला. तिची मुलगी बाळंत झाली होती म्हणे.